रोजनिशीचा काळ आणि सुटकेची हमी

१

मराठीत आत्मचरित्राची परंपरा संपन्न आहे आणि रोजनिशीची क्षीण आहे, हे विधान आपल्या समीक्षेत इतक्या वेळा येऊन गेले आहे की ते पुन्हा तपासावे असे सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुस्थिती म्हणून ते खोटेही नाही. दादोबा पांडुरंगांपासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंत आणि तेथून ‘बलुतं’पर्यंत आत्मचरित्रांची जी ओळ सहज दाखवता येते, तशी रोजनिशीची दाखवता येत नाही. या उणिवेची कारणेही ठरून गेली आहेत. एकत्र कुटुंबात खाजगीपणाला जागा नव्हती. पापनिवेदनाची ख्रिस्ती परंपरा आपल्याकडे नव्हती. स्वतःविषयी रोज लिहिणे हा आत्मप्रौढीचा प्रकार समजला जाई. ही कारणे एका मर्यादेपर्यंत पटतात. मात्र रोजनिशी का लिहिली गेली नाही एवढेच ती सांगतात. जेथे ती लिहिली गेली तेथे तिने काय केले, हा प्रश्न तसाच राहतो.

तो राहण्याचे एक कारण आपल्या निकषात आहे. आत्मपर लेखनाचे मूल्यमापन आपण मुख्यतः प्रांजळपणाच्या कसोटीवर करत आलो. लेखकाने स्वतःचे दोष सांगितले का, आप्तांविषयी लिहिताना हात राखला का, स्वतःला नायक केले का, हे आपले नेहमीचे प्रश्न. या कसोटीवर रोजनिशी आणि आत्मचरित्र यांत केवळ प्रमाणाचा फरक उरतो. रोजनिशी वाचकासाठी लिहिलेली नसते म्हणून ती अधिक प्रांजळ. तिच्यात रचना नसते म्हणून ती कमी कलात्मक. मग ती आत्मचरित्राचे किंवा चरित्राचे कच्चे साधन ठरते. आपल्या विद्यापीठीय प्रबंधांत रोजनिशी बहुधा संदर्भसाधनांच्या यादीत भेटते, अभ्यासविषय म्हणून क्वचितच.

दोन्ही प्रकारांतला मूलभूत भेद लेखनाच्या काळाचा आहे, असे मला वाटते. आत्मचरित्रकार आपल्या कथेच्या शेवटाशी उभा राहून लिहितो. पुढे काय झाले हे त्याला ठाऊक असते आणि वाचकाला ठाऊक नसते. त्याचे सगळे निवेदनकौशल्य या अंतरावर चालते. रोजनिशीत हे नाते उलटे होते. आजचे पान लिहिणाऱ्याला उद्याचे पान माहीत नसते, आणि कालांतराने वाचणाऱ्याला मात्र ते बहुधा माहीत असते. ॲन फ्रँकच्या रोजनिशीतली शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. ४ ऑगस्टला त्या घरातल्या सगळ्यांना पकडण्यात आले. त्या शेवटच्या नोंदीत अखेरची नोंद असण्याची कोणतीही खूण नाही, आणि तीच आपल्याला अस्वस्थ करते. ही परिणामकारकता ॲनने साधलेली नाही, तिच्या प्रांजळपणातूनही ती आलेली नाही. पानावरच्या तारखेने ती घडवली आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. आत्मचरित्र कितीही दुःखद असो, त्यात एक हमी अनुस्यूत असते: लिहिणारा लिहिण्यापर्यंत पोहोचला. भूक, अपमान, आजार, तुरुंग यांतून तो बाहेर आला, निदान बसून लिहिण्याइतका बाहेर आला. हिला मी ‘सुटकेची हमी’ म्हणतो. रोजनिशी ही हमी देऊ शकत नाही. ती लिहिणारा अजून आत असतो. मराठी आत्मपर लेखनाच्या इतिहासात या हमीचे स्थान काय आहे आणि ती जेथे नाही अशा संहितेशी आपण कसे वागलो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

२

‘रोजनिशी’ या शब्दाचा निशेशी संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते. रात्री बसून लिहायची ती रोजनिशी, अशी व्युत्पत्ती त्यांनी मनाशी लावलेली असते. ती काव्यमय आहे, पण चुकीची आहे. फारसी ‘नवीसी’ म्हणजे लेखन. फडनवीसचा फडणीस झाला, चिटनवीसचा चिटणीस झाला, त्याच वाटेने रोजनवीसीची रोजनिशी झाली. म्हणजे हा शब्द कचेरीतला आहे. सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीतील उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. ते चाळताना आपल्याला कोणाच्याही मनात डोकावता येत नाही. सनदा, इनामे, वसुली, तंट्यांचे निवाडे, दंड, नेमणुका: दिवस आहे, घटना आहे, रक्कम आहे, आणि ‘मी’ नाही. लिहिणारा कारकून नजरेस पडत नाही. ज्याच्याविषयी लिहिले जाते तोही आपला उच्चार करत नाही. त्याच्यावर नोंद होते.

या व्यवस्थेच्या शिरोभागी बसलेला माणूस नाना फडणीस. त्याचे छोटे आत्मवृत्त प्रसिद्ध आहे. मराठी गद्यातल्या आत्मनिवेदनाचा प्रारंभीचा नमुना म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. बालपण, देवपूजेची ओढ, तारुण्यातल्या वासनांची कबुली आणि मग पानिपत: तेथून जीव वाचवून परत येणे हा त्याचा कळस. रोजकीर्द आणि हिशेब हे ज्याच्या पदाचेच काम, त्या माणसाने स्वतःच्या आयुष्याला मात्र दिवसांचे रूप दिले नाही. स्वतःविषयी लिहिताना त्याने कथन निवडले, आणि ते ईश्वरी कृपेने झालेल्या सुटकेचे कथन आहे. दप्तराची लेखनपद्धती आणि आत्मनिवेदनाची लेखनपद्धती एकाच माणसाच्या हाती असूनही एकमेकींना शिवल्या नाहीत. अठराव्या शतकात मराठीत दिवस ही दरबाराची मालमत्ता होती आणि आयुष्य ही देवाची, असे थोडे धाडसाने म्हणता येईल.

या विभागणीत जातीचाही अर्थ होता. कुलकर्णी, देशपांडे, देशमुखांचे कारकून हे लेखनाचे वतनदार. गावात काय घडले हे कोणाच्या लेखणीने नोंदले जाणार हे जन्माने ठरलेले होते. नोंदणारा आणि नोंदला जाणारा यांच्यामधली ही भिंत पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

३

बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) अशाच एका कुलकर्ण्याच्या घरात जन्मली. वेरूळजवळचे देवगाव हे तिचे माहेर, वैजापूर तालुक्यातले शिऊर हे सासर आणि समाधिस्थान. आम्हा छत्रपती संभाजीनगरच्या अध्यापकांना ही दोन्ही गावे एका दिवसात पाहून परत येण्यासारखी आहेत, आणि कदाचित म्हणूनच आम्ही तिच्याविषयी स्थानिक अभिमानाने बोलतो आणि तिचे अभंग कमी वाचतो. मराठीतले पहिले स्त्रीआत्मचरित्र हा तिचा नेहमीचा गौरव. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये तिचे अभंग इंग्रजीत नेले तेव्हा त्यांनीही शीर्षकात आत्मचरित्र हाच शब्द योजला.

हा शब्द तिला चांगलाच लागू पडतो, अपेक्षेपेक्षाही अधिक. विजोड वयाच्या बिजवराशी बालपणी झालेला विवाह, घरातल्या तंट्यामुळे सुटलेले गाव, पंढरपूरमार्गे कोल्हापूरपर्यंतची भटकंती, कोल्हापुरात मिळालेली गाय आणि तिच्या वासराचा लळा, वासराचा मृत्यू, तुकारामांचा स्वप्नातला अनुग्रह, शूद्राला गुरू केले म्हणून कर्मठ नवऱ्याने केलेली मारहाण, पुढे त्याचाच पालट आणि देहूचा मुक्काम: हा सगळा क्रम ती सांगते तेव्हा पुढचे तिला माहीत आहे. आणि तिची कथा एका जन्मावर थांबत नाही. मृत्यूच्या उंबरठ्यावर ती मुलाला, विठोबाला, आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगते. चालू जन्म तेरावा आणि शेवटचा. आत्मचरित्रकाराला लागणारे शेवटचे स्थान याहून पक्के असू शकत नाही. येथे सुटकेची हमी अक्षरशः मोक्षाची हमी आहे. नवऱ्याची मारहाण, उपासमार, एकटेपणा हे सगळे त्या हमीच्या उजेडात दिसते. म्हणूनच ते सोसण्याजोगे होते. सांगणाऱ्या बहिणाबाईला आणि ऐकणाऱ्यालाही.

यात तिचे मोठेपण कमी होत नाही. उलट ज्या घरात गावाचे दप्तर लिहिले जाई, त्या घरातल्या मुलीच्या आयुष्याला त्या दप्तरात एकही रकाना नव्हता, हे ध्यानात घेतले की तिच्या निवेदनाचे धाडस समजते. मला येथे एका बारीक तपशिलाकडे लक्ष वेधायचे आहे. तिच्या आत्मनिवेदनात काळाचे उल्लेख वयाच्या अंगाने येतात: अमुक वर्षांची असताना हे घडले, तमुक वर्षांची झाले तेव्हा ते. पण तुकारामांच्या स्वप्नानुग्रहापाशी ती महिना, पक्ष, तिथी आणि वार सांगते: कार्तिक, वद्य पंचमी, रविवार. संशोधकांनी या उल्लेखाचा उपयोग कालनिश्चितीसाठी केला, ते त्यांचे कामच आहे. समीक्षकाला त्यात दुसरेही काही दिसावे. सलग वाहणाऱ्या कथेत एक दिवस एकाएकी दिवस म्हणून वेगळा उभा राहतो. त्या रविवारी, वासराच्या मृत्यूनंतर शुद्ध हरपून पडलेल्या त्या मुलीला पुढचे काहीही ठाऊक नव्हते. नवरा मारील की सोडून जाईल, देहू कधी दृष्टीस पडेल की नाही, काहीच नाही. तिथी आणि वार लिहिल्यामुळे ते न ठाऊक असणे क्षणभर शिल्लक राहते. मग कथा पुन्हा आपल्या शेवटाकडे चालू लागते. बारा जन्मांच्या आत्मचरित्रात रोजनिशीचे हे एक पान आहे, असे मी म्हणेन.

४

१९७८ ते १९८० ही तीन वर्षे मराठी आत्मपर लेखनाच्या इतिहासात किती निर्णायक होती हे नव्याने सांगायला नको. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ १९८० मध्ये. मधल्या १९७९ मध्ये आलेल्या दोन पुस्तकांकडे मला वळायचे आहे. एक प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आणि दुसरे माधव कोंडविलकर यांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’.

सोनकांबळे आमच्या शहरातले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे जे महाविद्यालय सुरू केले आणि जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, त्याच्या परिसरात मराठवाड्यातली दलित सुशिक्षितांची पहिली पिढी घडली. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ ही त्याच परिसराची निर्मिती. ‘आठवणींचे पक्षी’मधल्या आठवणी सुट्या आहेत. पोरकेपण, बहिणीच्या घरचा आश्रय, भूक, शाळा. एकेक आठवण येते, बसते आणि उडते. सोनकांबळ्यांनी त्यांना ओढून एका सूत्रात ओवले नाही, आणि त्यातच त्या लेखनाची प्रामाणिक कला आहे. तरीही त्या आठवणीच आहेत. सांगणारा प्राध्यापक आहे. भाकरीसाठी वणवणणाऱ्या त्या पोराचे पुढे काय होणार ही चिंता वाचकाला वाटते, पण ती कथेच्या आतली चिंता असते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव तिला उत्तर देत असते. ‘बलुतं’ने हीच गोष्ट रचनेत उघड केली. तेथे दगडू मारुती पवार दया पवारला आपली कहाणी सांगतो. बाहेर पडलेला आणि आत राहिलेला अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसतात. सुटकेची हमी तेथे संशयास्पद झाली आहे, तिची किंमत विचारली गेली आहे, हे ‘बलुतं’चे श्रेष्ठत्व. पण हमी आहे.

कोंडविलकरांच्या पुस्तकात ती नाही. ते रोजनिशीच्या रूपात आहे. १९६९ ते १९७७ या वर्षांची, एका चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या प्राथमिक शिक्षकाची. राजापूर तालुक्यातले देवाचे गोठणे हे त्याचे गाव. पुस्तकाचे रोजनिशीपण आपण सगळे जाणतो आणि सगळे विसरतो. त्याचा विचार होतो तो दलित आत्मकथनांच्या मालिकेत, ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ यांच्या रांगेत, आणि आशयाच्या अंगाने: कोकणातली जातव्यवस्था, दलितांतर्गत श्रेणी, शिक्षकाची अवहेलना. पदव्युत्तर वर्गात हे पुस्तक शिकवताना मी एकदा विद्यार्थ्यांना त्यावर टिपणे लिहायला सांगितली होती. टिपणे वाईट नव्हती. व्यथा, वेदना, विद्रोह, बोलीभाषा हे सगळे मुद्दे क्रमाने आले होते. तारखांचा उल्लेख एकाही टिपणात नव्हता. दोष त्यांचा नाही. आम्ही त्यांच्या हाती जी प्रश्नावली दिली आहे तिच्यात तारखेसाठी जागा नाही.

तारीख वगळली तर काय हरवते? पहिली गोष्ट म्हणजे लिहिणाऱ्याचे ठिकाण. आत्मकथनाचा निवेदक गावाकडे वळून पाहतो. रोजनिशीचा लेखक गावाच्या नजरेखाली बसून लिहितो. ज्यांच्याविषयी लिहिले ती माणसे उद्या सकाळी रस्त्यात भेटणार आहेत, त्यांची मुले वर्गात येणार आहेत. तेव्हा या लेखनातला राग आत्मकथनातल्या रागाहून वेगळा असतो. आत्मकथनात रागाला आकार आलेला असतो, तो कोणावर आणि का याचा निर्णय झालेला असतो. रोजनिशीत तो एखाद्या दिवशी व्यवस्थेवर असतो, एखाद्या दिवशी घरच्यांवर, एखाद्या दिवशी स्वतःवर. वाचकाला यात विस्कळीतपणा वाटतो, पुनरुक्ती खटकते. पण पुनरुक्तीकडे रचनेचा दोष म्हणून पाहणे हेच मुळी आत्मचरित्राचे माप रोजनिशीला लावणे आहे. येथे पुनरुक्ती हा आशय आहे. तारीख बदलते, अपमान बदलत नाही.

फ्रेंच अभ्यासक फिलिप लेज्यून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्रकार आणि वाचक यांच्यातल्या ‘कराराची’ कल्पना मांडली आणि ती आपल्याकडेही परिचित आहे. पुढे त्यांनी आपले बरेचसे लक्ष रोजनिशीकडे वळवले आणि ती कल्पितविरोधी असते असे प्रतिपादन केले. आत्मचरित्रकार भूतकाळाची पुनर्रचना करू शकतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला भविष्यकाळ रचता येत नाही, कारण तो त्याच्या हाती नसतो. हे मला मान्य आहे. तथापि या मांडणीत उद्याचा दिवस खुला आहे, काहीही घडू शकते, असे एक गृहीतक दडलेले आहे. ते युरोपीय मध्यमवर्गाच्या अनुभवाशी जुळणारे आहे. जातीच्या व्यवस्थेत उद्याचे न कळणे इतके निरागस नसते. गावाला माहीत असते की उद्या हा माणूस कोठे उभा राहील, कोणाच्या ओसरीच्या कोणत्या पायरीपर्यंत चढेल, त्याला चहा कशात मिळेल. उद्याचा दिवस त्याच्याआधी गावाने लिहून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी रोज नवी तारीख घालून लिहायला बसणे म्हणजे उद्या अजून ठरलेला नाही असा दावा करणे. पान उलटताना तो दावा बहुधा हरतो. पुढच्या तारखेला तो पुन्हा केला जातो. ‘मुक्काम पोस्ट’चे नाट्य मला या हरण्यात आणि पुन्हा तारीख घालण्यात दिसते.

आणि ही तारीख घालणारा प्राथमिक शिक्षक आहे, हा योगायोग मानू नये. आधुनिक खेड्यात तारीखवार लेखन हा ज्याचा व्यवसाय, असा माणूस म्हणजे शाळामास्तर. हजेरीपट, टाचणवही, शेरेपुस्तक, महिनाअखेरची पत्रके. पूर्वीच्या कुलकर्ण्याच्या दप्तरापैकी काही भाग स्वातंत्र्यानंतर या शाळेच्या कपाटात आला असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. ज्या जातीवर केवळ नोंदी होत आल्या, त्या जातीतला माणूस नोंदणारा म्हणून त्या कपाटापाशी येतो. हजेरीपटात कोण आला आणि कोण आला नाही एवढेच लिहिता येते. जो आला त्याला काय भोगावे लागले याला रकाना नसतो. कोंडविलकरांची रोजनिशी तोच हात, तीच शिस्त आणि तीच तारीख घेऊन त्या नसलेल्या रकान्यात लिहिते. पेशवाईत दप्तराच्या आणि आत्मनिवेदनाच्या ज्या दोन लेखनपद्धती एकमेकींपासून दूर राहिल्या, त्या येथे एका चर्मकार शिक्षकाच्या वहीत एकत्र येतात. मराठी रोजनिशीच्या इतिहासात मी या घटनेला फार महत्त्व देतो.

शीर्षकाविषयीही थोडे. ‘मुक्काम पोस्ट’ हा पत्त्याचा भाग आहे, वर्तमानकाळाचा आहे. मुक्काम होता असे तो म्हणत नाही. गी प्वातव्हँ यांनी केलेला या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद १९८५ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाला, त्याच्या नावात ‘एका अस्पृश्याची रोजनिशी’ असा अर्थ आणि १९६९ ते १९७७ ही वर्षे दोन्ही आहेत. फ्रेंच वाचकाला मुखपृष्ठावरच कळले ते मराठी समीक्षेला पुस्तक वाचूनही महत्त्वाचे वाटू नये, याची थोडी लाज वाटते.

५

या मांडणीवर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. छापलेली रोजनिशी ही रोजनिशी राहते का? निवड होते, गाळणी होते, कधी भाषा सुधारली जाते. म्हणजे शेवट माहीत असलेला कोणीतरी तिच्यावर हात फिरवतो. ॲन फ्रँकनेच मार्च १९४४ मध्ये लंडनहून झालेले रेडिओवरचे आवाहन ऐकून, युद्धानंतर छापता यावी म्हणून, मे महिन्यापासून आपली रोजनिशी पुन्हा लिहायला घेतली. तिच्या वडिलांनी दोन्ही संहितांतून १९४७ चे पुस्तक सिद्ध केले, आणि तिन्ही पाठ शेजारी ठेवणारी चिकित्सक आवृत्ती १९८६ मध्ये निघाली. आपल्याकडे गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ती रोजनिशी नव्हे, सत्तावनच्या धामधुमीनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेली हकीकत आहे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ती छापताना संपादकाचा हात मोकळेपणाने चालवला, आणि मूळ पाठ वाचकांपुढे यायला दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. रोजनिशीच्या बाबतीत असा हात अधिक घातक, कारण तेथे एक ओळ गाळणे म्हणजे एका दिवसाचे अज्ञान पुसणे. मूळ वह्या आणि छापील पुस्तक यांचे नाते काय, हा प्रश्न ‘मुक्काम पोस्ट’लाही विचारला पाहिजे. तथापि या आक्षेपाने पाठचिकित्सेची गरज सिद्ध होते. प्रकारभेद नाहीसा होत नाही. संपादित रोजनिशीदेखील आपल्या लेखकाला उद्याचे ज्ञान बहाल करू शकत नाही. तसे केले तर ते लगेच उघडे पडते.

वहीच्या जागेचाही विचार येथेच करायला हवा. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मधला मजकूर दुकानात बसून, सवड मिळेल तसा लिहिला आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवला, हे त्यांनीच सांगितले आहे. ते पुस्तक रोजनिशी नाही, त्यातला ‘मी’ तर वारंवार ‘आम्ही’ होतो. पण लेखन लपवावे लागणे ही परिस्थिती रोजनिशीचीच आहे. खाजगीपणाच्या अभावामुळे मराठीत रोजनिशी झाली नाही, असे जे म्हटले जाते, त्यात या लपवण्याची दखल नाही. कुलूप असलेली पेटी कोणाकडे होती, स्वतःचा कोनाडा कोणाकडे होता, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या वह्यांचे काय झाले, हे प्रश्न वाङ्मयप्रकाराच्या इतिहासाचे आहेत. आपण ते समाजशास्त्राकडे ढकलून मोकळे झालो.

ललित साहित्यात रोजनिशी आली ती बहुधा युक्ती म्हणून. ‘कोसला’त (१९६३) सांगवीकरच्या डायरीचा भाग आहे आणि तारीखवार गांभीर्याची तेथे जी टवाळी होते ती आजही ताजी आहे. पण ती डायरी एका पश्चात्‌निवेदनाच्या पोटात आहे, त्यामुळे ‘कोसला’ तिच्याआधीच तिचा निकाल लावून बसते. कादंबरीला ते शोभते. प्रस्तुत चर्चेत त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही.

त्यापेक्षा तुरुंगातल्या लेखनाशी तुलना अधिक फलदायी होईल. आगरकरांच्या ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या १८८२ च्या पुस्तकाच्या नावात दिवसांची मोजदाद आहे. पण मोजदाद पूर्ण झाल्याशिवाय एकशे एक हा आकडा लिहिता येत नाही; शीर्षकातच सुटका आहे. ना. ग. गोरे यांचे ‘कारागृहाच्या भिंती’ (१९४५) ही मात्र खरी दैनंदिनी आहे. बेचाळीसच्या लढ्यातला हा बंदी सुसंस्कृत, रसिक, स्वतःच्या मनाकडे तटस्थपणे पाहू शकणारा आहे. त्याच्या पानांवर पुस्तके आहेत, निसर्ग आहे, घरची आठवण आहे. आपण केव्हा सुटणार हे त्याला माहीत नाही. तरीही सुटणार याविषयी शंका नाही, कारण ज्या राजवटीने त्याला आत टाकले तिचे दिवस भरत आले आहेत हे तो जाणतो, आणि बाहेर त्याची वाट पाहणारा समाज आहे. त्याचे अज्ञान ‘केव्हा’ या एका शब्दापुरते आहे. म्हणून त्या दैनंदिनीत प्रसन्नता टिकते. गोऱ्यांच्या स्वभावाइतकीच ती त्यांच्या स्थानाचीही देणगी आहे.

‘मुक्काम पोस्ट’च्या लेखकाला ‘केव्हा’ हा प्रश्नच पडू शकत नाही, त्याच्यापुढे ‘की नाही’ हा आहे. त्याच्या बंदिवासाला भिंत नाही, पहारेकरी नेमलेला नाही, शिक्षेची मुदत कोणत्याही कागदावर नाही. आणि त्याला आत ठेवणारी राजवट परकी नाही. स्वातंत्र्यानंतर बावीस वर्षांनी ही रोजनिशी सुरू होते. दोन्ही पुस्तके एकाच वाङ्मयप्रकारातली आहेत, दोन्हींत तारखा आहेत, आणि दोन्हींतला उद्या सारखा नाही. एका अभ्यासपत्रिकेत ही दोन पुस्तके शेजारी लावली जात नाहीत. एक ‘तुरुंगवाङ्मय’ या शीर्षकाखाली जाते, दुसरे ‘दलित आत्मकथन’ या शीर्षकाखाली, आणि दोन्हीकडे वर्गात प्रश्न येतो तो लेखकाच्या प्रांजळपणाविषयी.